बारा चौकटी सेकंदाला

लुंकडशेठचा कॅफे, धनकवडीचा शेवटचा स्टॉप.
तासाला पंचवीस रुपये. माउसच्या पोटातला गोळा
मधूनमधून काढून शर्टाला पुसायचा.
तौफिक बागवान रेघ ओढायचा,
मी तिला चालायला शिकवायचो.
डोकं म्हणजे गोल, अंग म्हणजे काडी.
टाच आधी उचलते की गुडघा, हे बघायला
तौफिकला बाहेर फुटपाथवर येरझाऱ्या घालायला लावल्या.
शेठ म्हणाले, पैसे बसल्याचे आहेत, फिरल्याचे नाहीत.

खेळ एवढाच: स्वारगेटचा रस्ता ओलांडायचा.
डावीकडून पीएमटी, उजवीकडून लूना,
मधेच म्हैस. ती सुषेणने काढली,
म्हणून कुत्र्यासारखी दिसते.
तीन जीव. चौथा मागितलात
तर कंडक्टर म्हणतो, सुट्टे द्या.

फाईल सहाशे अकरा केबी. चढायला रात्र.
तिकडे जगभरची पोरं मतं द्यायची, शून्य ते पाच.
कमी पडलात तर सकाळपर्यंत नामोनिशाण नाही.
पहिला खेळ असाच गेला. दुसराही.
हा दोन पूर्णांक सात शतांशांवर तगला;
दहावीच्या निकालाला आम्ही इतके नाचलो नव्हतो.

फिनलंडच्या एका पोराने न मागता संगीत पाठवलं.
त्याला स्वारगेट म्हणजे किल्ला वाटला होता,
म्हणून तुतारी.
आम्ही त्याची समजूत मोडली नाही.

मग सुषेण हिंजवडीला लागला. मी कर्ज काढलं.
कॅफेच्या जागी आधी मोबाईलचं दुकान, मग मोमोज.
आणि एका डिसेंबरात कंपनीनेच सांगितलं,
उद्यापासून फ्लॅश चालणार नाही.
हजारो खेळांच्या जागी करड्या चौकटी,
दारं लावून घेतलेल्या आळीसारख्या.

कुणी अनोळखी माणसांनी, पगार नसताना,
जुन्या फायली एकेक करून नव्या भांड्यात ओतल्या.
परवा तौफिकने मार्केट यार्डातून,
कलिंगडांच्या हिशेबातून वेळ काढून,
फक्त एवढंच पाठवलं: बघ.

तुतारी वाजली. पीएमटी चुकवली, म्हैस चुकवली,
माणूस पहिल्यांदाच पलीकडे पोचला.
पलीकडे काहीच नव्हतं. पांढरं.
ते काढायचं राहिलं होतं,
त्या रात्री शेठने शटर ओढलं होतं.

तो तिथेच, जागच्या जागी चालत होता.
फोन लावला. म्हटलं, अरे, पुढचं काढू या का आता?
तौफिक बराच वेळ गप्प. मागे हमाल ओरडत होते.
म्हणाला, राहू दे.
पाय बघ ना त्याचे,
बरोबर पडतायत.