सामानाजवळ

बोरिवलीच्या जेटीवरून फेरीबोटीने खाडी ओलांडली
तेव्हाच मी सांगून टाकलं, मी कशातही बसणार नाही.
मला साध्या झोपाळ्यावर गरगरतं.
म्हणून सगळ्यांचं सामान माझ्याकडे :
तीन सॅक, दोन चष्मे,
वहिनीचं मंगळसूत्र रुमालाच्या गाठीत,
भावाची, वरून पडेल म्हणून काढलेली कोल्हापुरी,
आणि कृतिकाने अर्धं खाल्लेलं कणीस.
"आत्या, टाकू नकोस हं."

महाभुजंगाची रांग सरत आली
तेव्हा समोरच्या पत्र्याच्या मंडपात
चार वाजताचा बँड उभा राहिला.
बाकांवर मी, एक पेंगणारे आजोबा,
आणि बाळाला पाजायला आडोसा शोधत आलेली एक पोर.
एवढाच श्रोतृवृंद.

सॅक्सोफोनवाला लग्नाच्या बँडमधला असणार,
जाकिटाच्या बाह्यांवर जुनी जर नव्याने टाचलेली.
कीबोर्डवर चष्मिस पोरगा.
गाणारीच्या गळ्याला मफलर, मे महिन्यात.
आणि ड्रमवर, छातीवरच्या बिल्ल्यानुसार, इनास कोरिया,
साठीचा, पायात कॅनव्हासचे बूट, गालात बडीशेप.

पहिलं गाणं ठीकच होतं.
दुसऱ्यात माझ्या लक्षात आलं.

डोक्यावर महाभुजंग चढतो,
कटकट कटकट साखळी,
मग माथ्यावर क्षणभर काहीच नाही,
आणि मग चोवीस माणसांची एकच किंकाळी.
बाकीचे तिघं तिच्यावरून आवाज चढवत होते.
इनास साखळीपासूनच मोजत होता.
कटकटीत त्याने काठी मिसळली,
माथ्यापाशी दोन्ही हात वर धरले,
आणि किंकाळी पडली
बरोब्बर समेवर.

मी ताठ बसले.
आठवीत आठ महिने तबला शिकले होते.
मास्तर बदलापूरला गेले, आणि मी दुसरं कोणी शोधलं नाही.
पण सम कळते अजून.

तिसऱ्या वेळीही समेवर.
चौथ्या वेळी गाणारी हसून मागे सरकली
आणि जागा किंकाळीला दिली,
जशी वडीलधाऱ्या गवयाला द्यावी.
टाळी द्यायची होती, पण हात
मंगळसूत्रात आणि कणसात.
मी पाय आपटला.
इनासने मान हलवली, एवढीशी.

पाचव्यांदा साखळी वाजली, माथ्यापाशी गप्प झाली
आणि गप्पच राहिली.

वर डबे अडकलेले. दुसऱ्या ओळीत
कृतिकाचा पिवळा टीशर्ट, लिंबाएवढा.
कर्णा म्हणाला, घाबरू नका, किरकोळ बिघाड आहे.
रांगेतल्यांनी मोबाइल वर केले.
मी उभी राहिले, मांडीवरचे चष्मे पडले.

इनास थांबला नाही.
काठ्या ठेवून ब्रश घेतले,
परातीत पीठ मळावं तसा हलका हात.
समेची जागा आली की हात उचलायचा
आणि वाजवायचा नाही.
जेवायला यायचं माणूस वाटेत असलं
की त्याचं ताट वाढून झाकून ठेवतात, तसं.
सॅक्सोफोन त्या रिकाम्या जागेला वळसा घालून जात राहिला.
आजोबा जागे झाले.
मी मोजू लागले. वर बघवेना,
म्हणून त्याच्या बुटाकडे बघत मोजत राहिले.
सदतीस आवर्तनं.

मग खडखड.
इनासच्या हातात काठ्या कधी परत आल्या, दिसलं नाही.
आणि वरून किंकाळी, चोवीस जणांची,
त्यात एक सुळा पडलेल्या फटीतून शिट्टीसारखी निघालेली,
माझ्या घरातली.
अर्धी मात्रा उशिरा.
इनास अर्धी मात्रा तिच्यासाठी थांबला.

कृतिका धावत आली, केस उभे, गुडघे लटपटत.
"आत्या, आम्ही अडकलो होतो! तू बघितलंस?
आणि माझं कणीस?"

माझ्या हातात नुसतं बुरकुंड होतं.
दाणे सगळे बाकाच्या कडेवर, बाकाखाली,
आजोबांच्या धोतराच्या घडीतही.
मी कशाने ठेका धरला होता
ते मला तेव्हा कळलं.