दात कोरून

पाटीवाल्या शिकलगारांनी विचारलं,
डॉक्टर मोठं काढू, का दात?
दोन्ही बसत नव्हतं. मी म्हटलं, दात.
पाटी जुनीच होती, वर पांढरा हात मारलेला.
दुसऱ्या महिन्यात दाताखालून
'मिक्सर दुरुस्ती' दिसायला लागलं.

उद्यमनगर, पहिला मजला. खाली लेथ.
घरघर माझी की त्यांची, पेशंटला कळत नाही,
जिन्यातच तो तोंड मिटून घेतो.

त्याआधी दीड वर्ष राजारामपुरीत,
मोठ्या सरांकडे, महिना नऊ हजार.
काचेच्या पेटीतल्या माशांना
माझ्याआधी खायला मिळायचं.
सर रूट कॅनॉलला यायचे, मी 'आ करा'ला.

चैत्राली कॅनडात पुन्हा पहिल्यापासून परीक्षा देते.
अझहर केस लावतो, टकलांना, ठाण्यात. बरं चाललंय म्हणतो.
मी एमडीएसला तीनदा बसले, तिन्ही वेळा काठावर.
आणि पुण्यातल्या त्या चकचकीत क्लिनिकमध्ये
"मी कोल्हापूरहून आलो" म्हटलं, तसे
समोरचे तिघं हसले.
एकाच्या वरच्या दाढेत कीड होती.
सांगितलं नाही.

आत्या म्हणते, दात कोरून पोट भरत नाही गं.
प्रत्येक सणाला म्हणते,
आणि प्रत्येक वेळी पहिल्यांदाच सुचल्यासारखं हसते.

खुर्ची मिरजेच्या बंद पडलेल्या दवाखान्यातली.
बाबांनी दोन रविवार तिच्याखाली झोपून काढले.
आयुष्यभर फौंड्रीला लाकडी पॅटर्न करून दिलेला माणूस,
माझा मेणाचा दात उजेडाला धरून म्हणाला,
"हे आमचंच काम की. नुसतं बारीक."
आता ती वर जाते. खाली येताना थोडी विचार करते.
एक्स-रे मशीनचा हप्ता मात्र
पाच तारखेला न अडखळता येतो.

मंगळवारी शिरोलीतल्या भट्टीवरचे दिनकर घाटगे आले.
"काढूनच टाका. तडा गेलेला माल
आम्ही परत भट्टीत टाकतो."
म्हटलं, मामा, हा परत ओतता येत नाही.
वाचवूया. पैसे तीन वेळा मिळून द्या.
तिसऱ्या वेळी ते बायकोला घेऊन आले.
तिचं काहीच दुखत नव्हतं,
ती नुसती सोबत आली होती,
मिश्रीचं बोट पदराला पुसत.

"बसा की काकी, फुकट बघतो," मी म्हणालो.
हो, म्हणालोच.

उजव्या गालाच्या आत, नखाएवढा,
पांढरा खरबरीत डाग.
मी दिवा जवळ ओढला. मग लांब केला. मग परत जवळ.
खाली लेथ थांबला होता की मलाच ऐकू येत नव्हतं.

"काय वो?" तिनं तोंड उघडंच ठेवून विचारलं.

माझ्या लेटरहेडवरचं पहिलं पत्र सीपीआरला गेलं.
तपासणीसाठी, लवकर, असं लिहिलं.
'लवकर' खाली रेघ मारली, मग वाटलं ती घाबरेल,
मग आठवलं, तिला वाचता येत नाही,
आणि घाटगे मामा रेघेकडेच बघत होते.

त्या दिवशीची कमाई तीनशे.
रात्री खुर्ची पुसताना ट्रेमध्ये तिची डबी सापडली,
पत्र्याची, झाकण चेपलेलं.
पिवळी पिशवी, लाल पिशवी, निळी पिशवी,
कुठला कचरा कशात, तोंडपाठ आहे मला.
डबी हातात घेऊन
बराच वेळ उभी राहिले.