वाचावं, ऐकू नये

क्लाक्सविकच्या धक्क्यावर पहाटे चारला
लिलावघराचे दिवे लागतात.
बोटी अजून खाडीच्या तोंडाशी असतात,
त्यांचं वजन मात्र आधीच पोचलेलं असतं माझ्या पडद्यावर,
महिरपी कंसात,
दुहेरी अवतरणांत नीट बसवलेलं:
बोट "स्वानुर", कॉड ४१२, हॅडॉक ९०,
शेरा "बर्फ कमी पडला".

हा मजकूर उलगडणारी ओळ हानुसची.
तो निवृत्त होऊन आता मेंढ्या पाळतो.
येईल ते इव्हॅलच्या हातात द्यायचं,
एवढीच ती ओळ.
इव्हॅल म्हणजे पक्का सांगकाम्या.
चारशे बारा म्हटलं की चारशे बारा मांडतो,
दार उघड म्हटलं की दार उघडतो,
कोण म्हणालं, ते विचारत नाही.
पंधरा वर्षं कुणी दार उघड म्हणालंच नाही,
म्हणून दाराला कडी नाही हे कळलं नाही.

फेब्रुवारीत ते म्हणाला ब्रांडुर,
"स्वानुर"वरचा सतरा वर्षांचा पोऱ्या.
शेऱ्याच्या जागी त्यानं बर्फाबद्दल लिहिलं नाही,
एक आज्ञा लिहिली,
गंमत म्हणून.
फळ्यावर सगळ्या बोटींपुढे शून्य उमटलं.
तीस खरेदीदार खिशात हात घालून
शून्याकडे बघत राहिले,
आणि खाली, पेट्यांमध्ये,
मासे होते तेवढेच होते.

हानुसला फोन केला.
"आमच्या वेळी सगळे ओळखीचे होते," म्हणाला.
ब्रांडुर त्याच्या बहिणीचा नातू.

त्या रात्री मी ती ओळ खोडली,
जेसन-पार्स लिहिलं.

पूर्वी कुणी दुसऱ्याचं पत्र वाचून दाखवायचं ना,
तसा हा.
पत्रात "असशील तसा निघून ये" असलं
तरी पिशवी उचलून निघत नाही.
वाचतो,
घडी घालून परत देतो.
आपल्या भाषेत ऐकणं म्हणजे कान देणंही
आणि सांगितलेलं करणंही.
यानं ते दोन वेगळे केले.

पण हा कडकही फार.
एकेरी अवतरण चालत नाही, टीप चालत नाही,
शेवटच्या नोंदीनंतरचा स्वल्पविराम
तर अजिबात नाही.

मार्चमध्ये फळ्यावर तुम्मासची बोटच आली नाही.
पडद्यावर एवढंच: अनपेक्षित चिन्ह, जागा दोनशे सात.
तो जिना चढून वर आला,
बुटांतून पाणी गळत होतं.
"रानवा, माझं काही चुकलं?"
त्याचा काटा बिघडलेला, नोंद हातानं टंकलेली,
कालच्यावरून नक्कल करून.
हॅलिबट मिळाला नाही म्हणून ती ओळ खोडली,
तिच्या आधीचा स्वल्पविराम राहून गेला.
ब्रांडुरला जो उंबरठ्यावर अडवणार होता
त्यानं तुम्मासलाही अडवलं,
एका टिंबाच्या शेपटीसाठी.

मग मी ट्राय लिहिलं, खाली कॅच.
जे वाचता येत नाही ते फेकायचं नाही,
इव्हॅलकडेही न्यायचं नाही.
बोटीच्या नावासकट माझ्या टेबलावर ठेवायचं
आणि घंटा वाजवायची.
तेवढं माणसानं वाचावं.
घंटा दिवसाला दोनदा वाजते,
वादळ असलं तर पाचदा.
(वजन खरं की खोटं, ते पार्सला कळत नाही.
उणे चारशे बारासुद्धा तो निमूट वाचतो.
त्यासाठी वेगळी ओळ, वेगळी रात्र.)

तुम्मासचे तीनशे ऐंशी किलो फळ्यावर लागले,
तरी तो हलेना.
"त्या स्वल्पविरामाचं काय केलंस?"
"काढला."
"मी मुद्दाम ठेवला होता.
वाटलं, धक्क्यापर्यंत येता येता
एखादा हॅलिबट मिळेल."
मी हसले. तो हसला नाही.
जाताना हातमोजे टेबलावरच विसरला,
वाचता न आलेल्या नोंदी ठेवते
तिथेच.