साठा

‘तुमचा मेलबॉक्स अठ्ठ्याण्णव टक्के भरला आहे.’
हा निरोप मशीन पाठवतं, खाली सही माझी असते.
गंगापूर धरणाचा आकडा पेपरात येतो ना,
तसा रोज सकाळी माझ्या टेबलावर येतो
सातपूरच्या आमच्या दोनशे बारा माणसांचा साठा.

स्टोअरच्या हेमलता कोठावदे
साडेपाचला, ओटा पुसावा तसा
इनबॉक्स पुसून अशोकनगरची बस धरतात.
एकदा म्हटलं, मॅडम, उद्या कोणी विचारलं तर?
विचारू दे, म्हणाल्या.

पेंटशॉपचा बागूल काहीच उघडत नाही.
नऊ हजार ठळक ओळी, न वाचलेल्या.
महत्त्वाचं असलं की फोन येतोच, हे त्याचं शास्त्र.

आणि क्वालिटीचे गायधनी.
एक्केचाळीस हजार.
दिवाळीच्या मिठाईची यादी,
कँटीनच्या मिसळीला रस्सा पुरला नाही ती तक्रार,
लिफ्ट बंद असल्याची सूचना
(लिफ्ट आता काढूनही टाकली).
एका फोल्डरचं नाव नुसतं टिंब.
त्यात एकच मेल, अकरा वर्षांपूर्वीचा, बुशिंगच्या लॉटचा.
‘माझ्या मते हा माल पाठवू नये.’
त्यावर वरून आलेलं उत्तर: ‘पाठवा.’

निरोपाच्या दिवशी शाल-नारळ कीबोर्डवरच ठेवून
ते माझ्या शेजारी बसले.
हे एवढं बघा, म्हणाले.
चौकशी लागली तर हाताशी असावं म्हणून
अकरा वर्षं उशाशी घेऊन झोपलो.
मग?
मग काय. माल गेला, बसला, चालला.
कोणी विचारलंच नाही हो.

मला वाटलं, प्रिंट मागतील.
त्यांनी चष्मा पुसला.
तुमचा नियम काय आहे?
तीस दिवस, म्हटलं.
बरं.

तिसाव्या दिवशी धरणातून पाणी सोडलं होतं.
लोक पुलावर उभे राहून बघत होते
दुतोंड्या मारुतीच्या कुठवर आलं,
गुडघा की कंबर.
इकडे मशीननं मला विचारलं, नक्की?
चौदा जीबी.
खाली गावं नसतात याच्या,
कोणाला भोंगा वाजवून सांगावं लागत नाही.

जागा सिन्नरहून येणाऱ्या नव्या ट्रेनीला दिली.
तिच्याकडे एकच मेल, स्वागताचा.
सर, हा ठेवायचा असतो का?
मला पटकन सुचलं नाही.

संध्याकाळी स्टोअरमध्ये टोनर आणायला गेलो
तेव्हा उगाच विचारलं,
मॅडम, तो बुशिंगचा लॉट आठवतो?

एकशे सतरा नग, त्या म्हणाल्या.
गायधनी नको म्हणत होते.
दोन दिवस डबा उघडला नव्हता त्यांनी.

मग माझी सही घेतली टोनरसाठी,
पाण्याची बाटली पर्समध्ये टाकली,
आणि स्क्रीनकडे वळल्या, पुसायला.