शिरांची ओळख

जोंगसनच्या या दवाखान्यात
बावीस वर्षं झाली मला सुया टोचताना.
नावं विसरते हल्ली,
शिरा नाही.
जॉम-रे आजींची डाव्या कोपरातली शीर पळपुटी,
बोट ठेवलं की सरकते बाजूला,
वाफ्यातल्या गांडुळासारखी.
ओक-बुनची मनगटावर, ठसठशीत, निळी,
साठ वर्षं ओझी उचलून वर आलेली.

नोव्हेंबर संपत आला की दोघी येतातच.
दोनशे वीस गड्डे चिरून, मिठात मुरवून,
वर्षाची किमची घालून झालेली असते,
नखांच्या कडा तिखटानं लाल.
"ताकदीची बाटली लाव गं,"
म्हणत मोजे काढतात,
आणि खिडकीकडच्या दोन गाद्यांवर
शेजारी शेजारी आडव्या होतात.
गाद्या मी आधीच तापवून ठेवते.

यंदा ओक-बुनच्या पिशवीत एक कागद होता.
सोलहून सुनेनं पाठवलेला, गुळगुळीत, गुलाबी:
वारेचं इंजेक्शन. आठवड्यातून दोनदा.
दहा सेकंदांत काम, बाटलीसारखं ताटकळणं नाही.
वय म्हणे जागच्या जागी थांबतं.

"वार? कुणाची वार?"
जॉम-रे आजी उठून बसल्या.
"मी चार पुरल्या घरामागं, जर्दाळूखाली.
झाड तेवढं तरुण आहे अजून.
मला बघ."

डॉक्टर प्यो आले, चष्मा कपाळावर.
कागद वाचला, घडी घालून परत दिला.
"पाच वेळा जेवल्यासारखं वाटेल असं
बाटलीत काही नसतं, ओक-बुन.
साखर, मीठ, थोडी जीवनसत्त्वं.
नीट जेवत असाल तर उद्यापर्यंत
त्यातलं बरंचसं लघवीवाटे जाईल.
आणि या इंजेक्शनानं म्हातारपण थांबलेलं
मी तरी कुणाचं पाहिलं नाही.
अंडी खा. बर्फावर काठी घेऊन चाला."
मग जॉम-रे आजींच्या घोट्यावर अंगठा दाबला.
खळगा पडला.
तो भरायला वेळ लागला.
आम्ही चौघंही त्या खळग्याकडे बघत होतो.

"तुम्हाला बाटली नाही यंदा.
हृदयाला एवढं पाणी झेपायचं नाही."

बाहेर कोळशाच्या जुन्या रुळांवर
कुणीतरी मुळ्याची पानं वाळत घातली होती.
ओक-बुन कागदाशी चाळा करत राहिली.
मग म्हणाली, "मलाही नको मग. इंजेक्शनच टोच.
दहा सेकंद. दोघी लगेच घरी."

"घरी काय आहे?" जॉम-रे आजी म्हणाल्या.

खरंच, काय आहे?
मला दोन्ही घरं माहीत आहेत.
एकीकडे टीव्ही, दुसरीकडे मोठा टीव्ही.

"तू बाटली लाव. मी नुसती पडते.
गादी तापलीच आहे, वीज कशाला फुकट घालवायची?
आणि पोरी, मला चिकटपट्टी तेवढी लाव.
उल्सानच्या मुलानं बाटलीचे पैसे पाठवलेत,
फोटो मागेल."

बावीस वर्षांत
न टोचलेल्या हातावर पट्टी लावली नव्हती मी.
लावली.
पळपुटी शीर तिच्याखाली
पहिल्यांदाच गप्प पडून राहिली.
पैसे घेतले नाहीत. फोटो मात्र काढला:
दोघी हसताहेत, एकीच्याच डोक्यावर बाटली,
ती चौकटीत अशी बसवली
की कुणाची ते कळू नये.

वहीत लिहायचं होतं.
इंजेक्शन: नाही. बाटली: एक.
'इतर' या रकान्यावर पेन टेकवलं,
उचललं.

चार वाजता ओक-बुन घोरायला लागली.
जॉम-रे आजी जाग्या होत्या,
ओठ हलत होते, वाटलं जप करताहेत.
जवळ गेले तर थेंब मोजत होत्या,
मैत्रिणीचे, तिच्या वतीनं,
नऊशेच्या पुढे कुठेतरी पोचल्या होत्या.

मला बघून बोट ओठांवर ठेवलं,
मग तेच बोट नळीवरच्या चाकाकडे केलं.
"जरा आवळ ते," कुजबुजल्या,
"फार भराभर संपतंय."