हॅरिसला कन्नड येत नाही

तिसऱ्या मजल्यावर, जुन्या लिननच्या खोलीत
आमचा पेशंट खुंटीला टांगलेला असतो.
मुखवटा डोळ्यांवर चढवला की उठून बसतो:
मिस्टर हॅरिस, वय चौपन्न, छातीत दुखतंय,
दाढी गुळगुळीत.
त्याला कसलाच वास नाही.

पहिल्यांदा माझ्या हातून गेला
तेव्हा पोटॅशियमचा आकडा बघायचा राहिला होता.
हिरेकोडी मॅडम म्हणाल्या, पुन्हा सुरू कर.
बटण दाबलं. बसला की उठून.
तीच दाढी, तेच गुड मॉर्निंग.
त्या रात्री मेसमध्ये भाकरी घशाखाली उतरेना,
तर वैजयंती म्हणाली, काय करूलालीस गे,
मेलाय कुठं तो, चार्जिंगला लावलाय!

तिसऱ्या खेपेला वाचवला. ब्याण्णव गुण.

सोमवारी सिव्हिलला, खाट अकरा.
निंगव्वा. हुक्केरीच्याही पलीकडची.
कोपरापासून मनगटापर्यंत गोंदण,
तुळस, पाळणा, विंचू,
आणि कुणाचं तरी नाव, पुसट, मला न वाचता येणारं.
शीर त्या हिरव्यात कुठंतरी बुडालेली.
हॅरिसचा हात कोरा असतो.

पहिली सुई हुकली.
हॅरिस अशा वेळी ठरलेल्या आवाजात ओरडतो.
निंगव्वा ओरडली नाही,
चादरीखाली पायाची बोटं तेवढी आखडली.
माझं कन्नड बसच्या पाटीपुरतं,
तेही आकडे बघून.
सॉरी कसं म्हणायचं ते जुळवत होते
तोवर तीच म्हणाली, सावकाश माडव्वा.

सावकाश.
हा तर आमच्या खानापुरातला,
आई चुलीवरून दूध उतरवताना म्हणते तो.
इकडं कधी आला, की इकडूनच गेला,
कुणी विचारलं नाही त्याला कधी.

मी डोळे बाजूला ठेवले. बोटानं चाचपत गेले.
विंचवाच्या नांगीखाली
काहीतरी मऊ, दाबलं की उसळणारं.
सुईच्या मागच्या टोकाला लाल दिसलं.
निंगव्वा छताकडं बघत
सुनेला काहीतरी सांगत होती, माझ्याबद्दल असावं,
सून हसली.

गुरुवारी पुन्हा मुखवटा.
टोचायच्या आधी तोंडातून निघून गेलं,
सावकाश हं, हॅरिस.
हवेत पांढरी अक्षरं उमटली:
सूचना समजली नाही. दोन गुण वजा.
तो तसाच हसरा, वाट बघत.
मी त्याच्या कोऱ्या हातावर उगाच बोट फिरवत राहिले.
मुठीतलं यंत्र थरथरलं, तेवढंच.