झेरॉक्स, दोन रुपये पान

तहसील कचेरीसमोर, नोटरीच्या छत्रीला लागून
माझं दुकान. सातबारा, रेशनकार्ड, जातीचा दाखला,
सगळं विटा गाव एकदा तरी
माझ्या काचेवर पालथं पडून गेलंय.

परवा भिंगारदेवे कंट्रोलर आले.
आगारातून रिटायर, खिशात अजून शिट्टी,
आणि काखेत दोनशे बारा पानांची कादंबरी.
"समांतर विश्वांची आहे," म्हणाले. "विनोदी.
एक प्रत काढा."

समांतर म्हणजे काय ओ?

"एकतीस वर्षं मी भोंग्यावरून सांगत आलो,
आटपाडी गाडी रद्द आहे. लोक शिव्या घालायचे.
रद्द कसली! गाडी दुसऱ्या विट्यातून
वेळेवर सुटलेली असायची,
खिडक्या शाबूत, मागच्या सीटवर कुणी ओकलेलं नाही,
कंडक्टरकडे सुटे पैसे.
आता ह्याचा रिपोर्ट कुठल्या नमुन्यात करायचा?
म्हणून कादंबरी."

मशीन जुनं. टोनर दोनदा भरलेला.
सत्तेचाळीसाव्या पानाला त्याला उचकी लागली.
मूळ पानात नायक रेवणगावचा घाट चढतो,
विश्वाचं दार शोधत, वाऱ्यात, एकटा.
प्रतीत तो कॅन्टीनमध्येच बसलेला.
भजी गरम होती, असं कारण दिलेलं.

कंट्रोलरांनी चष्मा पुसला. पुन्हा वाचलं.
"बाई, ही ओळ माझी नाही."
मग जरा वेळानं, "पण बरी आहे. राहू दे."

दुसरी प्रत काढली, तर खलनायक
जिल्हा परिषदेला निवडून आला होता.
तिसरीत नायकाच्या जागी त्याची सासू.
चौथी ऐंशी पानांतच संपली.
"ही कुठल्यातरी समजूतदार भिंगारदेव्यानं लिहिलीय,"
ते म्हणाले, आणि खरंच दुखावल्यासारखे
चहा सांगायला बाहेर गेले.

तेवढ्यात एकशे तिसावं पान आलं. कोमट.

कोझिकोडमधली अरुंद गल्ली. गलाईचं दुकान.
गल्ल्यावर बाई बसलेली, तिचं नाव शालन.
वहीत गोल गोल मल्याळी अक्षरं काढतीय,
मनगटावर तेजाबाचा डाग, मावळत आलेला.

अठ्ठ्याण्णव साली मला बघायला आला होता एकजण,
सोनं आटवणारा, भाळवणीकडचा.
हाताला तेजाबाचा वास येतो म्हणून मी नको म्हटलं.
हिनं हो म्हटलं होतं.
दुपारी गिऱ्हाईक नसताना ही काय विचार करते,
तेही छापलं होतं, जरा फिक्कट:
विट्यातच राहिले असते तर
एखादं झेरॉक्सचं दुकान टाकलं असतं,
कचेरीसमोर, निवांत, सावलीत.

सावलीत!
अगं बये, तीन वाजता इथं ऊन
थेट स्टेपलरवर येतं, हात लावता येत नाही.
आणि निवांत म्हणशील तर
उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत संपायच्या दिवशी
येऊन बघ एकदा.

हे मी मोठ्यानं बोलले असणार.
नोटरीनं छत्रीखालून मान वळवून बघितलं.

पान घडी करून मी ब्लाउजमध्ये ठेवलं.
तीच जागा पुन्हा काढून बघितली.
ह्या वेळी नुसती सासू आली, घाटात,
विश्वाच्या दाराला कुलूप घालून किल्ली शोधणारी.
तेही पान मी बाजूला सारलं.

कंट्रोलर आले, दोन कप, एक बशी.
आधी सवयीनं पानं मोजली,
अंगठ्याला थुंकी लावून, प्रवाशांसारखी.
"एक कमी आहे."

रद्द आहे, मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडं बघितलं,
चौकशी खिडकीच्या आतून बघावं तसं.
एकतीस वर्षांत त्यांना हा आवाज
स्वतःचा सोडून कुणाचा ऐकू आला नसेल.
"असू दे," म्हणाले. "वेळेवर सुटलं असेल."

मग पैशावरनं वाद झाला.
चुकून आलेल्या ओळींचेही दोन रुपये लावायचे का,
की त्या ज्याच्या आहेत त्यानं द्यायचे.
शेवटी चहा माझ्याकडं लागला.